पांडुरंगाचा थंड झील

पांडुरंग गवस खनिज वाहणारा टिपर घेऊन निघाला की खाणीच्या रस्त्यावरची बाकीची माणसं त्याला लांबूनच ओळखायची. चढावर गिअर बदलताना त्याच्या गाडीचा आवाज तुटायचा नाही. भरलेला टिपर घेऊन तो वळणावर असा यायचा की समोरून येणाऱ्याने आपणहून अंग चोरावं. दोडामार्गाकडच्या एका खेड्यातून तो कोवळ्या वयात क्लीनर म्हणून डिचोलीच्या खाणींवर आला. मग ड्रायव्हर झाला, मग स्वतःच्या टिपरचा मालक झाला आणि लाटंबार्शात घर बांधून राहिला. "गवस इलो रे," असं खनिज उतरवायच्या धक्क्यावरची पोरं म्हणायची, तेव्हा तो आरशात बघून मिशीवरून हात फिरवायचा.

त्याच्या मनात एकच सल होता. थोरला झील, म्हणजे मुलगा, सिद्धेश.

तसं पाहिलं तर सिद्धेशला नाव ठेवायला जागा नव्हती. आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन तो गोकुळदास नावाच्या कंत्राटदाराकडे टिपरवर लागला होता. दारू नाही, भांडण नाही, गाडीला कधी साधा ओरखडा नाही. पण वेग नाही. बाकीचे ड्रायव्हर एकमेकांना मागे टाकत दिवसाच्या फेऱ्या वाढवायचे आणि हा आपला रांगेत. समोरच्याला जाऊ द्यायचा. संध्याकाळी याची एखादी फेरी कमीच भरायची. कोणी चिडवलं तरी हसायचा. घरात तर त्याचे शब्द मोजूनमापून.

"थंड असा तो," पांडुरंग चारचौघांत सांगायचा. "बापूस आगीसारखो आनी झील बर्फाची लादी."

मग एका वर्षी पावसाळ्यानंतर खाणी बंद झाल्या. आधी सरकारने थांबवल्या, पाठोपाठ कोर्टाने. आज उघडतील, उद्या उघडतील असं म्हणता म्हणता दिवाळी गेली. ज्या रस्त्यावर दिवसभर टिपरांची रांग तुटत नसे, तिथे कुत्री आडवी पडून झोपू लागली. रस्त्याकडेच्या काजूंच्या पानांवरची लाल धूळ धुतली गेली ती पुन्हा बसलीच नाही. किती वर्षांनी त्या झाडांचा हिरवा रंग लोकांना दिसला, पण तो बघून आनंद व्हावा अशी कोणाची स्थिती नव्हती. पांडुरंग रोज सकाळी फणसाखाली उभ्या टिपरात चढायचा, बॅटरी उतरू नये म्हणून थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचा आणि खाली उतरायचा. एवढंच त्याचं काम उरलं होतं.

आपलं एक असो, पण जवान मुलाने घरी बसावं हे त्याला बघवेना. त्याचा चुलतभाऊ कृष्णनाथ पेडण्याच्या बाजूला, हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या टॅक्सीचा धंदा करत होता. पांडुरंगाने त्याला फोन केला आणि सिद्धेशची रवानगी तिकडे झाली.

महिना-दीड महिना गेला असेल. एका दुपारी सिद्धेश म्हापशाहून डिचोली आणि तिथून लाटंबार्शाच्या बसने, पिशवी खांद्याला लावून परत आला.

"काय झाला?" पांडुरंगाने विचारलं.

"जमला नाय, बाबा."

"जमूक नाय म्हणजे? गाडी चालवूक येना नाय तुका?"

सिद्धेश पिशवी ठेवून हातपाय धुवायला गेला. बोलला तो कृष्णनाथ, संध्याकाळी, फोनवर. "पांडू, झील तुझो सोन्यासारखो. पण ह्यो धंदो तोंडाचो. गिरायक दिसला की चार जणांनी धावायचा, भाव करायचो, हसायचा, हात धरून गाडीत बसवायचा. ह्यो झाडाखाली उभो रवता. गिरायक आपणहून इला तर नेता. तेच्या वाटणीचा गिरायक दुसरेच घेवन जातत."

फोन ठेवल्यावर पांडुरंगाचा तोल गेला. सिद्धेश जेवायला बसला होता. बायको शालिनी समोर, धाकटी रूपाली पाणी घेऊन आलेली. त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुझ्यात असा तरी काय रे? एक तरी गोष्ट सांग, जी तुका दुसऱ्यापेक्षा बरी जमता!"

सिद्धेशने पुढचा घास घेतला नाही. थोडा वेळ तो ताटाकडे बघत राहिला. रागाने नव्हे, खरंच उत्तर शोधत असल्यासारखा. मग उठला, ताट नेऊन धुतलं आणि बाहेर गेला. ओरडला असता तर पांडुरंगाला बरं वाटलं असतं.

शालिनीने त्या दिवशी नवऱ्याला एक शब्द सुनावला नाही. पण दोन-तीन दिवसांनी बचत गटाच्या बैठकीहून आली ती बातमी घेऊन. पेडण्याच्या उच्च माध्यमिक शाळेत मानसशास्त्र शिकवणारी मनीषा नावाची एक बाई खाणी बंद झालेल्या गावांतल्या तरुण मुलांसाठी शिबिर घेत होती. या रविवारी आपल्याच पंचायतीच्या सभागृहात. स्वभावाची चाचणी घेतात, माणसाचा कल कुठे आहे ते बघतात, असं तिने ऐकलं होतं. सोबत घरातलं एक मोठं माणूस आलं पाहिजे अशी अट होती.

"स्वभाव कळूक चाचणी कित्याक व्हयी?" पांडुरंग म्हणाला. "माका इचारा, मी सांगतंय."

"मगे तुमीच जावा तेच्याबरोबर," शालिनी म्हणाली. "आनी सांगा थंय."

असा तो अडकला.

सभागृहात पंचवीस-तीस मुलं होती. बहुतेक टिपरवरचे, काही खाणीच्या वर्कशॉपमधले, दोघी-तिघी मुली वजनकाट्यावर काम करणाऱ्या. मनीषा तिशीच्या आतबाहेरची, उंच, सुती साडीतली. पेडण्याहून स्कूटरने एवढी वाट तुडवून आली होती आणि आल्याबरोबर तिने स्वतःच कदेलं सरकवून गोल मांडली. खुर्च्यांना ती कदेलं म्हणते हे ऐकून पांडुरंगाला ती जरा आपल्यातली वाटली.

"हा पेपर नाही," प्रश्नांचे कागद वाटताना तिने सांगितलं. "इथे पास-नापास कोणी होत नाही. चुकीचं उत्तर फक्त एकच. जे खरं नाही आणि लोकांना बरं वाटावं म्हणून लिहिलंय ते."

मुलं हसली आणि लिहायला लागली. प्रश्न साधेच होते. अनोळखी माणसांत तुम्हाला मजा येते की थकवा येतो? ठरलेलं काम अचानक बदललं तर काय होतं? समोरचा रडायला लागला तर तुम्ही काय करता? मागे बाकावर बसलेला पांडुरंग मनातल्या मनात सिद्धेशची उत्तरं देत होता आणि प्रत्येक उत्तरावर नाराज होत होता.

दुपारच्या चहापावानंतर मनीषाने एकेका मुलाला त्याच्या घरच्या माणसासह समोर बसवलं. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल असं सगळ्यांनी आधीच कबूल केलं होतं. सिद्धेशची पाळी आली. तिने कोऱ्या कागदावर एकाखाली एक पाच आडव्या रेघा मारल्या. नवीन गोष्टींची ओढ, कामातली शिस्त, माणसांत रमणं, दुसऱ्याला समजून घेणं आणि मनाची स्थिरता. प्रत्येक रेघेवर सिद्धेश जिथे होता तिथे तिने फुली मारली.

"ही बघा," ती माणसांत रमण्याच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली. ती फुली पार डाव्या टोकाला होती. "गर्दीत हा थकतो."

"मी काय सांगी होतंय?" पांडुरंग म्हणाला. "थंड."

"काका, या रेघेचं कुठलंच टोक चांगलं किंवा वाईट नाही. डावीकडचा माणूस वेगळ्या कामाचा, उजवीकडचा वेगळ्या. आता या दोन बघा." दुसऱ्याला समजून घेणं आणि मनाची स्थिरता. दोन्ही फुल्या उजव्या टोकाला जवळजवळ कागदाबाहेर जायला निघालेल्या. "या दोन एकाच माणसात इतक्या पुढे मी फार कमी वेळा पाहिल्यात. पण कागद मला एवढंच सांगतो. पुढचं तुम्ही सांगायचं. तुम्ही त्याला थंड म्हणता ना? थंड म्हणजे कसा? असा एखादा प्रसंग सांगा, जेव्हा तुम्हाला त्याच्या थंडपणाचा फार राग आला."

पांडुरंगाला हे सोपं होतं. तो सरसावून बसला.

"खाणीवरची गोष्ट. नवो ड्रायव्हर इल्लो एक, रुद्रेश. केरी बाजूचो. भरलेलो टिपर घेवन चढ चढता चढता तेचा मागचा चाक कडेक गेला. खाली सरळ खोल खड्डो. पोर घाबारला. स्टेअरिंग धरून नुसतो बसलो, थरथर कापता. मागे आमची रांग. सगळे हॉर्न मारतत. तेच्या मागचीच गाडी ह्येची. ह्यो उतरलो, तेच्या दाराच्या पायरीवर चढलो आनी बोलत उभो रवलो!"

"काय बोलत होता?"

"माका काय माहीत? मी मागसून वरडतंय, अरे तेका उतरव, तू बस आनी गाडी काढ! ह्येका ती गाडी काढूक दोन मिनटा लागली नसती. तर ह्यो आयकता कुठे? तेच्याशी बोलता. रुद्रेशानच मगे सांगल्यान: ब्रेक धर. श्वास घे. आता थोडा सोड. चाक हिकडे. एक हातभर गाडी सरकली की थांबवता. परत बोलता. आमची सगळ्यांची फेरी बुडाली. घरी इल्यावर मी इचारलंय, तू कित्याक बसलंस नाय रे गाडीत? तर म्हणता..."

पांडुरंग अडखळला.

"काय म्हणाला?" मनीषाने विचारलं.

"म्हणता, मी गाडी काढली असती तर तो परत कधी स्टेअरिंगार बसलो नसतो."

मनीषाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"आणि तो रुद्रेश?"

"तो? खाणी बंद होईसर चालवी होतो," पांडुरंग म्हणाला. "बरो चालवी."

हे बोलताना त्याचा आवाज त्याचा त्यालाच वेगळा वाटला. इतकी वर्षं ही गोष्ट त्याने तक्रार म्हणून सांगितली होती. तेच शब्द, तोच चढ, तेच हॉर्न. आज पहिल्यांदाच ती सांगून झाल्यावर तक्रार कुठे गेली ते त्याला कळेना. शेजारी सिद्धेश मान खाली घालून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

मनीषाने सिद्धेशकडे वळून विचारलं, "त्या वेळी तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली," सिद्धेश म्हणाला. "पण तेका माझ्यापेक्षा जास्त वाटत होती. मग माझी गेली."

"शंभर माणसांत तुम्ही दमता," ती हळूच म्हणाली. "एका माणसाबरोबर तुम्ही दमत नाही. हे फार मोठं भांडवल आहे. नोकरी कुठली करा ते चाचणी सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. पण शोधायचं कुठे ते तर कळलं. घाबरलेल्या एका माणसाच्या शेजारी शांत बसणं हे जिथे काम असेल तिथे शोधा."

बापलेक घरी चालत आले. घराच्या पायरीशी आल्यावर पांडुरंग थांबला आणि कोणाकडे न बघता म्हणाला, "डिचोलीत शांताराम ड्रायव्हिंग शिकवता. तेच्याकडे बायकांका शिकवूक माणूस टिकना नाय म्हणान आयकलंय."

सिद्धेश दुसऱ्याच दिवशी गेला.

शांताराम हा डिचोलीच्या बाजारात मोटर शिकवण्याचं दुकान चालवणारा मोकळाढाकळा माणूस. त्याच्याकडे शिकवणारे होते ते सगळे पांडुरंगासारखे. हात बसलेला, पण तोंड सुटलेलं. "क्लच! क्लच म्हटलं ना!" असं ओरडलं की शिकणारी बाई दुसऱ्या दिवशी येत नसे. शिकवण्याच्या परवान्यासाठी जी परीक्षा द्यायची ती सिद्धेशने दिली, अनुभव आणि आयटीआयचं प्रमाणपत्र होतंच, आणि पुढच्या काही महिन्यांत त्याच्या गाडीत बसायला बायका थांबून राहू लागल्या. अंगणवाडीच्या शिक्षिका, बँकेतली मुलगी, साखळीच्या बाजूची एक आजी. तो फार बोलत नसे. जे बोले ते एकदाच आणि वेळेवर. गाडी बंद पडली तर म्हणे, "पडूंदे. आपणाक घाई नाय."

हे सगळं पांडुरंगाला बाहेरून कळत होतं. त्याला बरं वाटत होतं, पण खरं सांगायचं तर त्याच्या मनातून एक गोष्ट जात नव्हती. कार शिकवायची ती काय मोठी गोष्ट? टिपर म्हणजे टिपर. आपल्या मुलाने चार बायकांना क्लच दाबायला शिकवलं याचं कौतुक करायचं तर किती करायचं?

मग पद्मावती आली.

पद्मावती आरोग्य केंद्रात नर्स होती, चाळिशीकडे झुकलेली. तिची बदली आडगावच्या उपकेंद्रात झाली होती. बस दिवसातून मोजक्या आणि बाळंतीण अडली तर बसची वाट बघत कोण बसणार? गाडी शिकणं भागच होतं. पण काही वर्षांपूर्वी ती स्कूटरवरून जात असताना शेजारून भरधाव टिपर गेला होता आणि ती गटारात फेकली गेली होती. मोडलेलं हाड जुळलं, भीती मात्र तशीच राहिली. मोठ्या गाडीचा आवाज आला की ती दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलायची. दोन ठिकाणी शिकायला गेली. दोन्हीकडे तिला, बाई, तुमचं हे काम नव्हे, असं सांगून घरी पाठवलं होतं.

पहिल्या दिवशी सिद्धेशने गाडी सुरूच केली नाही. रस्त्याकडेला उभ्या गाडीत दोघे काचा खाली करून बसले आणि मागून येणारा आवाज कशाचा ते तिने न बघता ओळखायचं. बस, टेम्पो, मोटरसायकल, पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल. दुसऱ्या दिवशीही तेच. शांताराम डोक्याला हात लावून बघत होता. तिसऱ्या दिवशी सिद्धेश घरी आला आणि बापाला म्हणाला, "बाबा, तुमचो टिपर व्हयो. आनी तुमी व्हये."

"मी कित्याक?"

"तेंका टिपराची भीती वाटता. टिपर असल्याशिवाय ती जातली कशी?"

दुसऱ्या सकाळी पांडुरंगाने फणसाखालचा टिपर बाहेर काढला. इतक्या महिन्यांनी चाकं हलली तेव्हा शालिनी आणि रूपाली दारात येऊन उभ्या राहिल्या. खाणीचा जुना रस्ता रुंद, मोकळा आणि रिकामा होता. तिथे शांतारामची पांढरी गाडी आधीच येऊन थांबली होती.

सिद्धेशने आधी टिपर बंद ठेवायला सांगितला. पद्मावतीने त्याच्याभोवती एक फेरी मारली. तिचा चेहरा उतरला होता, ओठ आवळलेले. मग तो म्हणाला, "ताई, आता वर चढा." पांडुरंगाने हात देऊन तिला केबिनमध्ये घेतलं. ती त्याच्या जागेवर बसली आणि तिथून खाली बघून नवलाने म्हणाली, "अगो बाय, हयसून आमी किती ल्हान दिसतो!"

"ल्हान दिसतास, पण दिसतास," पांडुरंग म्हणाला. "ह्या आरशात बघा. तुमची गाडी दिसता ना? फकत ह्यो एक कोपरो दिसणा नाय. त्या कोपऱ्यात रवायचा नाय, बस. पुढे तरी जायचा नायतर मागे तरी रवायचा. आमी काय मुद्दाम कोणाक मारूक बसलेले नसतंव, बाय." शेवटचं वाक्य त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मग ती आपल्या गाडीत जाऊन बसली. सिद्धेशने बापाला फोन लावून तो चालू ठेवायला सांगितला. पांडुरंगाने फोन समोरच्या काचेपाशी टेकवला आणि टिपर सुरू केला.

"बाबा, हळू येवा. तेंच्या बाजूसून."

तो आपल्या मते हळूच निघाला.

"आनकी हळू."

त्याने वेग कमी केला.

"बाबा, आनकी हळू. माणूस चालता तसा."

उभ्या आयुष्यात पांडुरंगाने टिपर असा चालवला नव्हता. क्लचवरचा पाय भरून आला, घाम फुटला. पांढऱ्या गाडीजवळून तो गोगलगायीसारखा सरकत पुढे गेला. फोनमधून मुलाचा आवाज येत होता, पण तो आता त्याच्याशी बोलत नव्हता. "आवाज येता ना? येवंदे. तो तेच्या वाटेन जाता. तुमी तुमच्या वाटेन. हात खंय असत? ... बरा. उचललास तरी चलात. परत ठेवा. ... आता श्वास सोडा." त्या आवाजात घाई नव्हती, कीव नव्हती, कौतुकही नव्हतं. दुखऱ्या जागी हात ठेवावा तसा तो आवाज होता. पांडुरंगाला वाटलं, हाच आवाज त्या दिवशी रुद्रेशच्या कानात असणार आणि आपण मागून हॉर्न मारत होतो.

गाडी वळवून तो परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. पहिल्या वेळी तिने हात उचलले. मग एकच उचलला. मग दोन्ही जागेवर राहिले, पण गाडी थांबली. ऊन चढलं. सिद्धेश बापाला एकदाही "पुरे" म्हणाला नाही आणि पांडुरंगानेही विचारलं नाही.

असे ते आठवडाभर रोज सकाळी जात राहिले. शेवटच्या दिवशी सिद्धेशने बापाला सांगितलं, "आज तुमी पुढे चला. एकसारखी गाडी ठेवा. बाकी काय करू नकात."

पांडुरंग पुढे निघाला. आरशात पांढरी गाडी दिसत होती, बरीच मागे. मग ती जवळ आली. जवळ येऊन तशीच मागे राहिली, रेंगाळली, पुन्हा मागे पडली. फोनमधून काहीच आवाज येत नव्हता. पांडुरंगाला वाटलं फोन बंद पडला असावा. तो हात पुढे करून बघणार एवढ्यात त्याच्या आरशात गाडी उजवीकडे सरकली. त्याच्याच तोंडून निघालं, "ये, बाय, ये." तिने हॉर्न दिला आणि ती त्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात शिरून न रेंगाळता पुढे आली. केबिनच्या अगदी खालून जाताना पांडुरंगाने वाकून बघितलं. पद्मावतीचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. शेजारी सिद्धेश बसला होता, हात मांडीवर ठेवून. शिकवणाऱ्याच्या बाजूला असलेल्या ब्रेककडे पाय नाही, स्टेअरिंगकडे लक्ष नाही. तो दुसऱ्या बाजूच्या जनेलाच्या काचेतून बाहेर काजूच्या झाडांकडे बघत होता, जणू बसमधला उतारू.

पांढरी गाडी पुढे गेली आणि लांबवर जाऊन थांबली. पद्मावती खाली उतरून रस्त्यातच हसत आणि रडत उभी राहिली.

पांडुरंगाने टिपर थांबवला, पण तो लगेच खाली उतरला नाही. सारं आयुष्य त्याने गाड्या चालवल्या होत्या. शेजारी बसून, कशालाही हात न लावता गाडी चालवणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. आपल्याला हे जन्मात जमलं नसतं, हे त्याला स्वच्छ कळलं आणि आश्चर्य म्हणजे ते कळून त्याची मान खाली गेली नाही. छाती भरून आली. गळ्यातल्या टॉवेलने त्याने तोंड पुसलं, डोळेही पुसले आणि मग उतरला.

खूप काही बोलायचं होतं. मुलासमोर आल्यावर एवढंच बोलला, "चाय घेतंस?"

"घेऊया," सिद्धेश म्हणाला, आणि हसला.

जे मुलाला सांगता आलं नाही ते पांडुरंगाने रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर बसलेल्या सगळ्यांना सांगितलं. हातवारे करून, आरसा कुठे, कोपरा कुठे, सगळं दाखवून. "आनी हात खंय होते माहीत असा? मांडयेर! माझ्या झिलान शिकयल्यान!" चहावाला म्हणाला, "पांडू, कालपर्यंत तर तू..." पण पांडुरंगाने त्याला बोलूच दिलं नाही. मुलगा शेजारी उभा राहून ग्लासात बघत होता. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

पद्मावती पहिल्याच परीक्षेत पास झाली. पुढे एकदा पावसात अडलेल्या एका बाईला स्वतःच्या गाडीतून तिने वेळेवर इस्पितळात नेलं. मूल आणि आई दोघं सुखरूप. ती बातमी तिने शालिनीला फोन करून सांगितली. शालिनीने ती गावभर केली. मनीषाने त्यानंतर पेडण्याच्या आपल्या शिबिरात सिद्धेशला दोनदा बोलावलं. भाषण द्यायला नव्हे, ते त्याला जमलं नसतं. जी मुलं चाचणी देऊन गोंधळलेली असत, त्यांच्याशी एकेकाशी बोलायला. शांतारामने दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावाखाली सिद्धेशचं नाव घातलं.

काही वर्षांनी खाणी थोड्याथोड्या सुरू झाल्या. कंत्राटदार गोकुळदास जुने ड्रायव्हर गोळा करत गावोगाव फिरू लागला आणि एका सकाळी गवसांच्या दारात आला. पांडुरंग टिपरच्या बॉनेटवर चढून काच पुसत होता.

"पांडू, तुझो टिपर उद्याच लाव रांगेत," गोकुळदास म्हणाला. "आनी झिलाक सांग, तेची जुनी गाडी तशीच असा. माणसा कमी पडतत माका. तो हळू चालवता, पण मोडणा नाय काय. पाठव तेका."

शालिनी दारात आली. तिने नवऱ्याकडे बघितलं. मुलगा घरात नव्हता. सकाळच्या बॅचसाठी केव्हाच डिचोलीला गेला होता. पांडुरंगाने त्याला विचारून सांगतो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

तो बॉनेटवरून खाली उतरला, कपडा झटकला आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "मी येतंय. तो येवचो नाय. तेका काम असा."

"काय काम?"

"वायच बस. चाय घे," पांडुरंग म्हणाला. "सगळा सांगतंय."

आणि त्याने शालिनीला चहा ठेवायला सांगितलं, कारण सांगायला बराच वेळ लागणार होता.